एक स्कूप ताकद!

मित्रांनो (आणि मैत्रिणींनो, कारण पुढचं बरंचसं तुमच्यासाठीच आहे), एक साधा प्रश्न. अवसरी फाट्यावर उतरून आपण रोज कॉलेजला येतो-जातो. जिमला जाणाऱ्या पोरांच्या शेकरमध्ये जी पांढरी पावडर घुसळली जाते, त्यातली काही याच फाट्यावर तयार होते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गोवर्धन तूप आणि गो चीज बनवणारी पराग मिल्क फूड्स ही कंपनी १९९२ साली मंचरला सुरू झाली. चीज बनवताना जे पाणी उरतं त्यापासून ती 'अवतार' नावाची व्हे प्रोटीन पावडरही बनवते. म्हणजे बघा, आमच्या अवसरी बुद्रुकच्या गोठ्यातून सकाळी सहाला किटलीतून निघालेलं दूध फिरून फिरून तीन हजारांच्या काळ्या डब्यात बसतं आणि कुरिअरने परत आपल्याच पोरांच्या रूमवर येतं!

मी मूळची इथलीच. म्हणजे आजी-आजोबा इथले; बाबा नोकरीसाठी पिंपरीला गेले आणि मी तिकडेच कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लोक गावाकडून शहरात शिकायला जातात, मी उलटी आले. आता आजीकडे राहते. त्यामुळे एका बाजूला शेकर आणि दुसऱ्या बाजूला आजीची चूल, असं दोन्ही रोज बघायला मिळतं. हा लेख त्यातूनच सुचला.

आधी व्हेबद्दल, कारण इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुकच आहे. साधारण दहा लिटर दुधातून एक किलो चीज निघतं आणि नऊएक लिटर पिवळसर पाणी उरतं. या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रोटीन असतं, बाकी दुधातली साखर, क्षार आणि पाणी. ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने गाळायचं (मेम्ब्रेन फिल्ट्रेशन, आपल्या केमिकलवाल्यांना विचारा), घट्ट करायचं आणि गरम हवेत फवारून वाळवायचं. एक किलो चांगली पावडर मिळवायला असं शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं. जगभरातल्या चीज कारखान्यांसाठी हे पाणी एकेकाळी डोकेदुखी होतं. नदीत सोडलं की मासे मरायचे. आता त्याचंच सोनं झालंय. टाकाऊतून टिकाऊचं इतकं झकास उदाहरण आपल्या सिलॅबसमध्येही नसेल.

हे सगळं मी आजीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आगं, दूध नासलं की त्ये पानी आमी कणकंत घालायचो. न्हायतर म्हशीम्होरं ठिवायचो. तुमची पोरं त्याला तीन हजार देत्यात व्हय?"

देतात, आजी! आणि त्यातली निम्मी पोरं मेसमधली उसळ ताटात टाकून उठतात.

आता थोडा हिशोब करू, आपल्याला तोच येतो. तीन हजारांच्या एक किलो डब्यात फार तर साडेसातशे-आठशे ग्रॅम प्रोटीन. गावात दुधाचा रतीब लावला आणि लिटरला साठ रुपये धरले, तर त्याच तीन हजारांत पन्नास लिटर दूध येतं. गाईच्या दुधात लिटरला बत्तीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे झालं सोळाशे ग्रॅम. डब्याच्या दुप्पट! वर कॅल्शियम आणि बी-१२ फुकट. ते पाणी दुधातूनच आलंय, मग दूध स्वस्त पडणारच, यात आश्चर्य ते काय. तरीही दूध पिणारा 'बाळ' आणि पावडर पिणारा 'बीस्ट'! शेकरला स्टेटस आहे, पेल्याला नाही.

लागतं तरी किती? राष्ट्रीय पोषण संस्था म्हणजे हैदराबादची एन.आय.एन. सांगते, किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या मुलाला झाले पन्नास ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी (तेरा-चौदा ग्रॅम), मूठ-दीड मूठ कोरडी मटकी भिजवून केलेली उसळ (चौदाएक ग्रॅम), अर्धा लिटर दूध (सोळा) आणि मूठभर शेंगदाणे (सात). पन्नास पूर्ण! यात अंडं नाही, चिकन नाही, डबा तर नाहीच. जो खरोखर तासन्‌तास वजनं उचलतो त्याला यापेक्षा जास्त लागतं, मान्य. पण आपल्याकडे जिमची मेंबरशिप घेणारे आणि जिमला जाणारे यांची बेरीज कधी एक येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात याच संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. शरीर कमवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेणं टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून 'मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सुमारे सत्तर टक्के डब्यांवर प्रोटीनचा जो आकडा लिहिला होता, तो आत नव्हता. काहींमध्ये बुरशीचं विष आणि कीटकनाशकाचे अंशही सापडले. माझी कुठल्याही एका कंपनीबद्दल तक्रार नाही. चांगल्या पावडरी असतातच. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाने लेबल नसलेला 'मास गेनर' पिशवीतून सुटा आणला होता, आणि तो कुठून आला हे त्या पिशवी देणाऱ्यालाही सांगता येईना. लॅबमध्ये रेझिस्टरचा कलर कोड तीन-तीनदा तपासणारी आपण माणसं, आणि पोटात घालताना काहीच तपासत नाही?

असो. प्रोटीनवर इतकं बोलले, पण माझा खरा मुद्दा प्रोटीन नाहीच. आपण ज्या गोष्टीची काळजी करतोय तिची फारशी टंचाई नाही, आणि जिची टंचाई आहे तिचं नावही कोणी घेत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. घरचं सगळं शुद्ध शाकाहारी. दूध तिला लहानपणापासून आवडत नाही, म्हणजे फक्त चहात. सेकंड इयरला तिला पायात मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं, ड्रॉइंगच्या शीट्स काढताना बसून बसून होत असेल. मग थकवा, मग जिभेला फोड. ती रोज रंगीत मल्टिव्हिटॅमिन गमी खात होती, त्यामुळे 'व्हिटॅमिन कमी' ही शंका तिला आलीच नाही. शेवटी तिच्या आईने ओढून डॉक्टरांकडे नेलं. बी-१२ खूप खाली गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि ती बरी झाली. गमीच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरात बघितलं, तर त्यात बी-१२ नव्हतंच. साखर मात्र पहिल्या नंबरला.

बी-१२ हे भलतंच मजेशीर प्रकरण आहे. ते कुठलंही झाड बनवत नाही, कुठलाही प्राणी स्वतः बनवत नाही. ते बनवतात फक्त जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, तिथून ते दुधात येतं आणि दुधातून आपल्यात. पालक कितीही खा, त्यात ते नाही. लागतं दिवसाला अवघं दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक ग्रॅम बी-१२ पाच लाख माणसांना एक दिवस पुरेल! पण ते अजिबात नसेल तर रक्त आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. आणि लिव्हरमध्ये साठा असल्यामुळे कमतरता कळायला वर्षं लागतात. आज दूध सोडलं तर बिल येतं तीन-चार वर्षांनी. केटीसारखं नाही, लगेच निकाल लागत नाही.

तुम्ही म्हणाल, एका मुलीवरून काय एवढं. तर ऐका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं. आणि सगळ्यात वाईट स्थिती झोपडपट्टीत किंवा खेड्यात नव्हती, तर शहरातल्या मध्यमवर्गात होती. तिथे हा आकडा ८१ टक्के! म्हणजे ज्यांच्या फ्रीजमध्ये सगळं होतं, ते.

याज्ञिकांचं नाव निघालंच आहे तर त्यांचा तो प्रसिद्ध फोटो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. म्हणजे जिमखान्याच्या फॉर्मवर दोघंही 'फिट'. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी स्वतःचीच थट्टा केली होती, की आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाणं. मला हा माणूस फार आवडला. संशोधनाच्या पेपरमध्ये इतकी गंमत करता येते हे आपल्या प्रोजेक्ट गाइडना कोणीतरी सांगा.

पण त्या गमतीमागची गोष्ट मला घरात दिसते. माझे बाबा सडपातळ. पँटचा नंबर लग्नापासून तोच. चाळिशीत डायबेटिस निघाला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, "याला कसा काय? हा तर काडी पैलवान!" काड्यांनाच होतो, हे याज्ञिक सांगत होते. आपण भारतीय बारीक दिसतो, पण आतून चरबीवाले. 'थिन-फॅट' हा शब्द त्यांनीच रूढ केला. आणि हे जन्मापासून असतं.

हे त्यांना कळलं कुठे? तर आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये. १९९३ साली केईएमने पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरच्या परिसरातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायका, सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांचं गरोदरपणातलं खाणं, काम, रक्त, सगळं मोजलं. सातशेहून जास्त बाळं जन्मली. त्यांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण ही रोड बाळं सगळीकडे सारखी रोड नव्हती. स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी मात्र जवळपास इंग्लिश बाळांइतकीच.

आता यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. आईने किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी! ज्या आया हे वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. २००१ साली हे छापून आलं. म्हणजे तांदुळजा, चाकवत, हरभऱ्याची भाजी. बांधावर फुकट उगवणाऱ्या गोष्टी.

पुढे ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा परत तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण, म्हणजे पुढच्या डायबेटिसची पहिली पायरी, सगळ्यात जास्त निघाली. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलिक अ‍ॅसिडची गोळी वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नका हं. ती बाळाच्या मणक्यासाठी लागते आणि डॉक्टर देतात ती घ्यायचीच. पण एका व्हिटॅमिनचं पारडं भरायचं आणि दुसरं रिकामं ठेवायचं, याने काम भागत नाही. सर्किटमध्ये एकच कॅपॅसिटर बदलून बाकी तसंच ठेवल्यासारखं.

आणि मग २०१२ साली त्यांनी जे केलं ते आपल्याशी थेट भिडतं. त्याच मुला-मुलींना, तेव्हा ती सोळा-अठरा वर्षांची होती, रोज गोळ्या द्यायला सुरुवात केली. काहींना दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याबरोबर इतरही सूक्ष्म पोषकद्रव्यं, काहींना नुसती साधी गोळी. गरोदर झाल्यावर नाही, त्याच्या आधीच, पौगंडावस्थेत! कारण बाळाचे अवयव घडायला लागतात तेव्हा बऱ्याचदा आईला दिवस गेलेलंही कळलेलं नसतं. त्यामुळे तयारी आधीपासून हवी.

म्हणजे त्या अभ्यासातली मुलं होती साधारण आपल्याच वयाची. आपण वीस वर्षांचे. आपल्याला वाटतं, हेल्थ हा आई-बाबांचा विषय आहे, आपलं काय, आपण दगड पचवतो! पण मुलींनो, आज तुमच्या डब्यात जे आहे त्याचा हिशोब कदाचित २०५० साली कुणा दुसऱ्याच्याच शुगर रिपोर्टमध्ये निघेल. मुलांनी पण हसू नये, त्या गोळ्या मुलांनाही दिल्या होत्या.

आता आमच्या गावाकडे वळते. आमच्या आळीत जवळजवळ प्रत्येक दारात दोन-तीन गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ, पावती घ्यायची. दहा दिवसांनी पगार. पण घरात दूध किती राहतं? चहापुरतं. माझ्या आजीने आयुष्यभर गाई सांभाळल्या आणि तिला मी एकदाही पेलाभर दूध पिताना पाहिलेलं नाही. "इकायचं दूध प्यायचं नसतं," असं ती म्हणते, जणू ते सासऱ्यांचं ताट आहे. तिच्यावर मी हसू शकत नाही. गाईचा चारा, पेंड, डॉक्टर सगळं त्याच पगारातून भागतं. पण नातवाला त्याच पैशातून बिस्किटाचा पुडा आणि 'ताकद' वाढवणारी चॉकलेटची पावडर येते, तेव्हा मला राग येतो. त्या पावडरीत सगळ्यात जास्त काय असतं ते पुड्यावर वाचा. साखर!

आणि साखर तर आमच्या घरचीच की! भीमाशंकर कारखान्याचा पत्ताच मुळी 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक'. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आलं, तालुक्यात ऊस वाढला. उसाने आमच्यासारख्यांची पक्की घरं बांधली, मुलांना इंजिनिअरिंगला पाठवलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्या वावरात बाजरी, मटकी, हुलगे व्हायचे तिथे आता ते होत नाहीत, आणि जे वावरात नाही ते हळूहळू ताटातूनही गेलं. हुलग्याचे शेंगोळे आता पावसाळ्यात एखाद्या वेळी, तेही पाहुणे आले तर. मासवडी तर हॉटेलात जाऊन खायची चीज झाली. तीळ, खोबरं, शेंगदाणे, बेसन. इतकी दणकट गोष्ट दुसऱ्या कुठल्या तालुक्याची असती तर त्यांनी 'प्रोटीन रोल' म्हणून विकली असती!

चहाचा हिशोब पण करून टाकू. टपरीवरचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, झाले चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. सबमिशनच्या रात्री एनर्जी ड्रिंकचा एक कॅन घेतला की आणखी पंचवीस-सत्तावीस. (गुळाचा चहा म्हणजे औषध असं समजणाऱ्यांसाठी: गूळ म्हणजे साखरेचा सावळा भाऊ. जरासं लोह असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.)

चहाचा दुसरा घोटाळा मुलींसाठी महत्त्वाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त! आधीच्या पाहणीत ४८ टक्के होता, म्हणजे वाढलाच. आपण जेवतो ती भाकरी-भाजी लोह देते, पण ते वनस्पतींमधलं लोह शरीराला शोषायला अवघड. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातलं टॅनिन उरलंसुरलं लोहही अडवून धरतं. चहा तासभर पुढे ढकला आणि जेवताना लिंबू पिळा, एवढं केलं तरी फरक पडतो. पैसे शून्य. पण आपल्याकडे जेवण आणि चहा यांच्यात तास सोडा, मिनिटसुद्धा जात नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तसलं काही नव्हतं. गावातल्या मैत्रिणी सांगतात, त्या गोळ्या बाकाखाली पडायच्या. पोट दुखतं, शी काळी होते, आणि कशासाठी घ्यायची हे कोणी धड सांगितलं नाही. म्हणजे जिथे गोळीची खरी गरज तिथे ती बाकाखाली, आणि जिथे नाही तिथे केसांसाठी, नखांसाठी आणि 'ग्लो'साठी महिन्याला हजार रुपयांच्या गमी. हा उफराटा न्याय मला खरोखर कळत नाही.

एक प्रयोग मात्र वाचून मी खुश झाले. तो आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर) झाला, आणि तोही हॉस्टेलच्या पोरांवर. 'धनशक्ती' नावाची बाजरीची एक जात आहे. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेली, २०१२ साली महाराष्ट्रात आली. हिच्यात नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह बरंच जास्त. निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुला-मुलींना दोन वेळा भाकरी दिली, निम्म्यांना या बाजरीची, निम्म्यांना साध्या. चार महिन्यांत पहिल्या गटाचा लोहाचा साठा वाढलेला दिसला. आणि ज्यांच्यात आधी कमतरता होती, ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता या गटात दीडपटीहून जास्त होती. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. गोळी नाही, डबा नाही, नुसती भाकरी! मेसवाल्यांना ज्वारी-बाजरी 'गावठी' वाटते म्हणून रोज मैद्यासारख्या पांढऱ्या चपात्या लाटल्या जातात, आणि त्या आपल्यालाच हव्या असतात, हेही खरं.

आता कोणी म्हणेल, ही बाई सप्लिमेंटच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आपल्या घरातलं आयोडीनयुक्त मीठ हे सप्लिमेंटच आहे, आणि त्याने गलगंड किती कमी झाले ते बघा. माझ्या मैत्रिणीला बी-१२ चं इंजेक्शन नसतं तर तिचं काय झालं असतं? माझे बाबा डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेतात. ते वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ खाली जाऊ शकतं, म्हणून त्यांची तपासणी होते आणि लागलं तर गोळी मिळते. हे झालं शहाणपणाचं काम: आधी मोजायचं, मग घ्यायचं. माझा आक्षेप न मोजता घेण्याला आहे, आणि ताटातलं सोडून बाटलीतलं घेण्याला आहे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करून मिळेल त्या भावाने विकतात, तो शहरात जाऊन चूर्णाची कॅप्सूल होतो आणि 'डिटॉक्स' म्हणून परत येतो. दुधाचंही तेच, हिरड्याचंही तेच. कच्चा माल आमचा, आणि लेबल वाचून विकत घेणारेही आम्हीच.

'आम्हाला वेळ कुठे असतो' असं ज्यांना म्हणायचंय त्यांचंही बरोबर आहे. सकाळी आठचं लेक्चर, पाचला सुटका, मध्ये वडापाव. त्या कढईतलं तेल किती वेळा उकळलं हे विचारायची सोय नाही. (नियम आहे बरं का, २०१८ पासून. तेल ठराविक मर्यादेपलीकडे बिघडलं की वापरायचं नाही. फाट्यावर तो मोजणार कोण?) पण भिजवलेली मटकी डब्यात भरायला वेळ लागत नाही, आणि शेंगदाण्यांना तर गॅससुद्धा लागत नाही. वेळेपेक्षा लाज जास्त आडवी येते. वर्गात फुटाणे काढले तर लोक 'एस.टी. स्टँड' म्हणून चिडवतात, हे मी स्वतः ऐकलंय. प्रोटीन बार काढला तर 'वॉव'.

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी जिमखान्यातर्फे आरोग्य शिबिर होतं. वजन, उंची, रक्तगट, बीएमआय, शिक्का, संपलं. वर सांगितलेल्या दोन डॉक्टरांच्या फोटोनंतर नुसत्या बीएमआयवर 'फिट' लिहिण्यात काय अर्थ आहे? दहा रुपयांची शिंप्याची टेप आणा आणि कंबर मोजा. मुलांची नव्वद सेंटीमीटरच्या वर, मुलींची ऐंशीच्या वर गेली तर सावध करा. सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासा, बोटाला टोचून होतं ते. बी-१२ ची तपासणी महाग आहे, सगळ्यांची जमणार नाही, पण जे दूध-अंडं काहीच घेत नाहीत आणि ज्यांना हातापायाला मुंग्या येतात त्यांच्यापुरती तरी मंचरच्या एखाद्या लॅबशी बोलून सवलतीत करता येईल. टेक-फेस्टच्या डीजेला जेवढे पैसे जातात त्यात हे आरामात बसेल. (डीजे बंद करा असं मी म्हणत नाहीये, मारू नका.)

मेसच्या काकूंशी मी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "पोरी, मी आठवड्यातून दोनदा बाजरीची भाकरी आन् मटकी करीन, बुधवारी शेंगोळे पण करीन. पण पोरं खात न्हाईत, समदं म्हशीला जातं. तीस नावं आण, मग करते." रास्त बोलल्या. यादी लायब्ररीच्या बाहेर नोटीस बोर्डाशेजारी लावली आहे. आत्तापर्यंत अकरा नावं झालीत, त्यातली नऊ मुलींची. दहावं नाव आमच्या वर्गातल्या त्या मास गेनरवाल्याचं आहे, आणि त्याने नावापुढे कंसात लिहिलंय, 'शेंगोळे असतील तरच'.